पुन्हा भरताच येणार नाही अशी सिरिंज: वॉर्डातल्या, दुकानातल्या लोकांशी बोलायचं आहे

साचेवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीत माझी टूलरूम आहे, प्लास्टिकच्या साच्यांची. पुतण्या मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने आणि त्याच्या मित्रांनी प्रोजेक्टला विषय घेतलाय तो एकदा टोचली की परत भरताच येणार नाही अशा सिरिंजचा. साचा कापून द्यायचं मी कबूल केलंय. पण पोलादाला हात लावण्याआधी, ज्यांच्या हातात ही वस्तू रोज असते त्यांचं ऐकायचं आहे. इथे सिस्टर आहेत, डॉक्टर आहेत, औषधवाले आहेत. मनमोकळं लिहा.

आतापर्यंत वाचून जे समजलं ते आधी सांगतो.

साध्या सिरिंजमध्ये नळी, दट्ट्या, दट्ट्याच्या टोकाला रबर आणि पुढे सुई. दट्ट्या कितीही वेळा मागेपुढे करा, अडवणारं काही नाही. पाकिटावर 'एकदाच वापरा' असं छापलेलं असतं, पण ते पाळणं सर्वस्वी वापरणाऱ्यावर. ते त्याच्या हातातून काढून वस्तूतच घालायचं, हा सगळा खटाटोप.

अडवायचे मुख्य रस्ते तीन. पहिला क्लिपचा. अमेरिकेतल्या 'पाथ' या संस्थेने सोलोशॉट नावाची सिरिंज तयार केली आणि १९९० मध्ये तिचा परवाना बेक्टन डिकिन्सन कंपनीला दिला. नळीत स्टीलची बारीक क्लिप असते. औषध ओढलं, टोचलं, की पुन्हा दट्ट्या मागे घेताना क्लिपचे दात नळीच्या भिंतीत रुततात.

दुसरा कड्याचा. मार्क कोस्का या ब्रिटिश माणसाने १९८४ मध्ये वर्तमानपत्रात वाचलं की वापरलेल्या सिरिंजमधून एचआयव्ही मोठ्या प्रमाणावर पसरणार आहे, आणि त्यानंतरची कित्येक वर्षं त्याने याच कामाला दिली. त्याच्या के-१ सिरिंजमध्ये नळीच्या आतल्या अंगाला एक बारीक कडं आहे. दट्ट्या त्यावरून पुढे जातो, मागे येत नाही. जोर केला तर दट्ट्याच तुटतो. स्टील नाही, जास्तीचा भाग नाही, आणि चालू कारखान्यातल्या मशिनांवर थोडा बदल करून ती बनवता येते. साचेवाला म्हणून माझा जीव यातच अडकलाय. पॉलिप्रोपिलीन थोडं वाकतं, त्यामुळे आतलं कडं बारीक असेल तर नळी गाभ्यावरून (साच्याचा जो भाग नळीची पोकळी घडवतो) ओढून काढताना ते दबून निसटतं, साचा आतून दुभंगता करावा लागत नाही. मात्र कडं जरा उंच झालं की नळी ओरबाडली जाते, जरा बुटकं झालं की अडवत नाही. मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या भागाचा प्रश्न.

तिसरा स्प्रिंगचा. दट्ट्या शेवटपर्यंत दाबला की सुईच नळीत ओढली जाते. सिस्टरच्या बोटाला टोचायची भीतीही त्यात जाते. पण भाग वाढतात, जोडणी वाढते आणि किंमत चढते.

आता माझा प्रश्न. लसीकरणात डोस ठरलेला असतो, ०.५ मिली, बीसीजीला त्याहून कमी. एकदा ओढा, एकदा दाबा. वॉर्डात तसं नसणार. एका इंजेक्शनसाठी दट्ट्या नेमका किती वेळा मागेपुढे होतो?

जुनी_एएनएम

भाऊ, तुम्ही विचारलंत हे फार बरं केलं. मी भिवापूर, उमरेड भागात उपकेंद्रांवर नोकरी केली, आता निवृत्त. सुरुवातीला काचेच्या सिरिंज होत्या. प्रेशर कुकरसारख्या स्टरिलायझरमध्ये वाफेवर निर्जंतुक करायच्या, गावात न्यायच्या, संपल्या की काम थांबायचं. केरोसीन नसलं की उकळणंही नाही. एका गावात किती बाळं येतील याचा अंदाज चुकला की आयांना परत पाठवावं लागे, आणि परत पाठवलेली आई पुढच्या वेळी येईलच असं नाही.

पुढे या आपोआप बंद होणाऱ्या सिरिंज आल्या. डब्ल्यूएचओ, युनिसेफ आणि यूएनएफपीए यांनी १९९९ मध्ये एकत्र सांगितलं होतं की २००३ संपेपर्यंत सगळ्या लसीकरणात याच वापरा. आपल्याकडे त्यानंतर थोड्या वर्षांनी पोचल्या. पहिले काही दिवस आमच्या हातून वाया गेल्या, कारण जुनी सवय. साध्या सिरिंजने आपण आधी हवा ओढतो, ती व्हायलमध्ये, म्हणजे औषधाच्या बाटलीत, सोडतो, मग औषध घेतो. इथे हवा ओढून सोडली की सिरिंज तिथेच संपली. ट्रेनिंगमध्ये एकच गोष्ट घोकून घेतली: हवा भरायची नाही, व्हायल उलटी धरायची, सुईचं टोक औषधात बुडालेलं ठेवायचं, सावकाश ओढायचं. बीसीजी किंवा गोवराची भुकटी विरघळवायला वेगळी साधी ५ मिलीची सिरिंज देत.

कोरोनाच्या वेळी सगळ्या देशाने याच ०.५ मिलीच्या सिरिंज दंडावर घेतल्या. २१ ऑक्टोबर २०२१ ला १०० कोटी डोस झाले. एवढ्या मोठ्या कामात एकच सिरिंज दोघांना वापरली गेली का, ही शंका आमच्या भागात कुणाच्या मनात आली नाही, आणि त्याचं श्रेय या आतल्या खिळीला द्यायलाच पाहिजे.

वैनगंगा

धंतोलीतल्या एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर मीच द्यायला हवं.

सेफ्ट्रायझोन घ्या, रोजचं अँटिबायोटिक. व्हायलमध्ये कोरडी भुकटी असते. मी आधी डिस्टिल्ड वॉटर ओढते, हे झालं एकदा मागे. ते भुकटीत सोडते, एकदा पुढे. व्हायल हलवते, विरघळलेलं औषध परत ओढते, दुसऱ्यांदा मागे. बुडबुडा काढते, थोडं पुढे. औषध कमी भरलंय असं दिसलं तर पुन्हा थोडं मागे. शिरेत द्यायचं असेल तर सुई शिरेत आहे ना हे बघायला हलकं ओढते, रक्त दिसलं पाहिजे. मग शेवटी हळूहळू पुढे. मोजा तुम्हीच.

तुमची एकदाच ओढू देणारी सिरिंज मला दिली तर या एका डोसला दोन लागतील, आणि शिरेत असताना मागे ओढता आलं नाही तर मी ते औषध देणारच नाही. औषध शिरेबाहेर गेलं तर हात सुजतो, काही औषधांनी चामडी जळते.

उलट अँप्यूलमधलं डायक्लोफेनॅक कमरेत द्यायचं असेल तर एकदा ओढलं, बुडबुडा काढला, दिलं. तिथे तुमचं कडं चालेल.

तेव्हा दादा, सगळ्या कामांना एकच सिरिंज पुरेल असं धरून साचा कापू नका.

साचेवाला

ताई, हेच हवं होतं. पोरांनी तर सगळीकडे एकच डिझाइन धरलं होतं. तुमचा प्रतिसाद छापून टूलरूममध्ये लावतो.

गोरेवाडा

काका, मी फार्मसीचा विद्यार्थी. एक शंका. सुई दर पेशंटला बदलली आणि नळी तीच ठेवली तर? रक्त तर सुईलाच लागतं ना. मग सुईच पुन्हा वापरता येऊ नये एवढंच केलं तर काम सोपं होणार नाही का?

पेंच

गोरेवाडा, तुझी शंका रास्त आहे आणि दुर्दैवाने बरीच शिकलेली माणसंही हेच धरून चालतात. मी डॉक्टर आहे, रामटेककडे प्रॅक्टिस.

सुई काढताना सुईतलं थोडं मागे येतंच. सुई नळीच्या ज्या टोकावर बसते तिथे, रबराच्या पुढे, थोडी जागा नेहमी भरलेली राहते. शिरेतून रक्त ओढून पाहिलं असेल तर ते थेट नळीतच आलेलं असतं. नवी सुई लावली तरी आतला अंश तोच. डोळ्यांना काही दिसत नाही. हिपॅटायटिस बीला तर न दिसणारा थेंबही पुरतो, आणि तो विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस जिवंत राहू शकतो. शिवाय तीच सिरिंज बहुडोस व्हायलमध्ये पुन्हा घातली तर ती व्हायलही दूषित, मग त्यानंतरच्या प्रत्येकाला नवी सिरिंज वापरली तरी उपयोग नाही.

टोचलेल्या सुईतून संसर्ग लागण्याची शक्यता लक्षात ठेवायला आम्हाला शिकवतात ती ढोबळमानाने अशी: हिपॅटायटिस बी १०० मध्ये ३० पर्यंत, सी साधारण ३, एचआयव्ही ०.३. बीची लस आहे. सीची नाही.

हे कागदावरचं नाही. गुजरातेत मोडासा इथे २००९ मध्ये हिपॅटायटिस बीची साथ आली, ऐंशीहून जास्त माणसं दगावली, आणि मुळाशी पुन्हा वापरलेल्या सिरिंज होत्या. उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊला २०१७-१८ मध्ये एकाच सिरिंजने गावोगाव स्वस्तात सुया टोचत फिरणाऱ्या बोगस डॉक्टरामुळे एचआयव्ही पसरल्याचं उघड झालं. कंबोडियातल्या रोका गावात २०१४ च्या शेवटी दोनशेच्या वर लोक एचआयव्हीबाधित निघाले. पाकिस्तानात रातोदेरोला २०१९ मध्ये शेकडो मुलं. त्यानंतर पाकिस्तानने साध्या सिरिंजवर बंदी आणली. इजिप्तचं उदाहरण वेगळ्या कारणाने मनाला लागतं: तिथे कुणी भोंदू नव्हता. रक्तातल्या कृमींच्या रोगावर सरकारी मोहिमेत काचेच्या सिरिंज नीट न उकळता वर्षानुवर्षं वापरल्या गेल्या आणि पिढीच्या पिढी हिपॅटायटिस सीने ग्रासली.

म्हणून साचेवाले भाऊ, एक गोष्ट डिझाइन करताना समोर ठेवा. तुमची सिरिंज चांगल्या सिस्टरसाठी नाही. ती तशीही पुन्हा वापरणार नाही. घाईत असलेला, थकलेला, पैसे वाचवणारा किंवा काही कळतच नसलेला माणूस समोर धरा. त्याला खिळी चुकवता आली तर ती नसल्यातच जमा.

संत्रीबाग

डॉक्टरसाहेब, मे २०२२ मध्ये आपल्या नागपुरात थॅलेसेमियाच्या चार मुलांना एचआयव्ही झाल्याची बातमी होती. ते पण सिरिंजमुळेच का?

पेंच

नाही. त्या बातमीत संशय दिलेल्या रक्तावर होता. तिथला उपाय वेगळा: रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची नॅट चाचणी, म्हणजे अगदी ताज्या संसर्गाचाही विषाणू सापडावा. विदर्भात सिकलसेल आणि थॅलेसेमियाची मुलं इतकी आहेत की त्यावर वेगळा धागा निघालाच पाहिजे. इथे सिरिंजवरच राहू.

महालकर

मी मेडिकल स्टोअरवाला. भाऊ, सगळे चांगलं सांगून राहिले, पण दुकानात काय होते ते ऐका.

गिऱ्हाईक येते, म्हणते डिस्पोव्हॅन द्या, पाचची. त्याच्यासाठी सगळ्याच सिरिंज डिस्पोव्हॅन. त्याला कडं, क्लिप काही माहीत नाही, डॉक्टरने चिठ्ठीवर लिहिलेलं नाही. मी दोन प्रकार ठेवले आणि एक महाग असली तर तो स्वस्त मागणार. नर्सिंग होमचा माणूस तर पेटीचा भाव करते. गंजीपेठेच्या दवा बाजारात होलसेलवालाही मालाचा उठाव पाहूनच माल ठेवते. मग काऊन ठेवेल तो?

सरकारने खरेदीच्या यादीत टाकलं तरच हे चालते, नाही तर नाही.

पेंच

महालकरांचा मुद्दा खरा आहे. डब्ल्यूएचओने फेब्रुवारी २०१५ मध्ये सांगितलं होतं की २०२० पर्यंत सगळ्या देशांनी उपचाराच्या इंजेक्शनांनाही अशाच सुरक्षित सिरिंज वापराव्यात. तेव्हाचा हिशेब असा: संयुक्त राष्ट्रांच्या संस्था मोठ्या प्रमाणावर घेतात त्या साध्या सिरिंजला ३ ते ४ अमेरिकी सेंट, सुरक्षितला किमान दुप्पट. एका सिरिंजमागे फरक क्षुल्लक. पण जगात वर्षाला १६ अब्ज इंजेक्शनं दिली जात होती, त्यातली लसीकरणाची ५ टक्क्यांच्या आसपास आणि ९० टक्के उपचाराची. म्हणजे खिळी बसली ती लहान तुकड्याला, आणि मोठा तुकडा उघडाच राहिला.

आणि त्या ९० टक्क्यांतली बरीचशी लागतच नाहीत, हे मी रोज बघतो. साधा ताप, अंगदुखी, अशक्तपणा. पेशंट खुर्चीत बसायच्या आधी म्हणतो, साहेब, एक सुई लावून द्या. गोळी दिली तर चेहरा पडतो. पुढच्या वेळी तो सुई देणाऱ्याकडे जातो, आणि तो डॉक्टरच असेल याची खात्री नाही. या शतकाच्या सुरुवातीला देशभर पाहणी झाली होती, त्यात जवळपास ६३ टक्के इंजेक्शनं असुरक्षित आढळली. सिरिंज कितीही सुधारली तरी मी गोळीने भागणाऱ्याला सुई देणार नाही हे मी ठरवलंय, आणि माझ्या भागातल्या इतरांनीही ठरवावं असं कळकळीने सांगतो.

झाडीपट्टी

कचऱ्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी कचरा वेचणाऱ्या बायांच्या मुलांसाठी वर्ग घेते, भांडेवाडीच्या बाजूला.

२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे सुया आणि सुई जोडलेल्या सिरिंज पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात जायला हव्यात, सुई काढलेल्या नळ्या लाल पिशवीत. मोठी हॉस्पिटलं ते करतात. पण घरी इन्शुलिन घेणारे? गल्लीतला छोटा दवाखाना? ती सिरिंज साध्या कचऱ्यातून येते आणि आमच्या बायांच्या हातात रुतते. हातमोजे कुणाकडे असतात?

मोडाशाच्या वेळी वापरलेल्या सिरिंज भंगारातून परत बाजारात जात असल्याचं समोर आलं होतं. पाण्याने धुवून, पाकिटात घालून. ज्या नळीत कडं आहे ती धुवून परत विकताच येणार नाही, म्हणून मला हे काम फार मोलाचं वाटतं. पण सुई उघडीच राहिली तर आमच्या बायांचा प्रश्न तसाच राहतो. तुमच्या तिसऱ्या रस्त्याला, सुई आत घेणाऱ्याला, इतक्या लवकर महाग म्हणून बाजूला सारू नका.

जुनी_एएनएम

ताई, आमच्याकडे हब कटर होता. टोचल्यावर झाकण न लावता लगेच सुई हबसकट, म्हणजे तिच्या बुडाच्या प्लास्टिकसकट, कापायची. टोपण परत बसवताना बोटात सुई जाते, म्हणून ते करायचंच नाही. वाड्यावस्तीवरच्या प्रत्येक छोट्या दवाखान्यात तो कटर असलाच पाहिजे.

साचेवाला

सगळ्यांचं वाचून पोरांबरोबर बसलो. आता असं ठरतंय.

दोन वेगळ्या सिरिंज. २ मिलीची कडक: कडं असं की एकदा ओढून पुढे दाबायला सुरुवात झाली की परत मागे नाही. अँप्यूल आणि स्नायूतल्या इंजेक्शनासाठी.

५ मिलीची वेगळी. हिच्यात कडं अगदी तळाशी. वरच्या भागात दट्ट्या हवा तेवढा मागेपुढे करा, भुकटी विरघळवा, शिरेत ओढून बघा. शेवटी पूर्ण दाबला की डब्याचं झाकण टक करून बसतं तसा तो कड्यापलीकडे जाऊन बसेल, आणि ओढला तर मानेत तुटेल. पाणी व्हायलमध्ये सोडताना चुकून लॉक होऊ नये म्हणून शेवटच्या टप्प्याला अंगठ्याला स्पष्ट जड लागेल असं करतोय.

झाडीपट्टी ताई, सुई आत घेण्याचं पूर्ण स्प्रिंगचं काम या वर्षी पोरांच्या आवाक्यात नाही. पण हाताने सुई आत ओढून घ्यायची आणि मग दट्ट्या मोडायचा, अशी एक रचना आहे. दट्ट्याचं टोक तळाशी गेलं की सुईच्या बुडाला पकडतं. ५ मिलीत ते जमतंय का बघतोय, कारण तळाशी लॉक होतंच आहे.

वैनगंगा

दादा, ५ मिलीच्या रचनेत एक भोक आहे. डॉक्टरसाहेब म्हणाले तो माणूस धरा. तो दट्ट्या शेवटपर्यंत दाबणारच नाही. जड लागलं की थांबेल, ०.२ मिली आत ठेवेल आणि पुढच्याला भरेल. तुम्ही माझ्या सोयीसाठी ठेवलेला मोकळेपणा त्याच्या कामी येतो.

साचेवाला

बरोबर आहे ताई, आणि यातून पूर्ण सुटका मला दिसत नाही. जिथे परत ओढू द्यायचं तिथे फसवायलाही वाव राहणारच. वाव कमी करता येतो. तळाचं ते जड लागणं अगदी शेवटच्या एक-दीड मिलिमीटरवर आणतो, म्हणजे मागे फार औषध ठेवता येणार नाही आणि पूर्ण डोस द्यायचा तर लॉक करावंच लागेल. उपचाराच्या सिरिंजसाठी आयएसओ ७८८६-४ हे वेगळं मानक आहे आणि लसीच्या सिरिंजसाठी ७८८६-३. ते वेगळे का काढावे लागले हे तुमच्या पहिल्या प्रतिसादानंतर मला नीट उमगलं.

पेंच

मग ५ मिली हॉस्पिटलपुरती ठेवा, जिथे सिस्टर आणि तपासणी दोन्ही आहेत. खेड्यातल्या बाहेरच्या दवाखान्यात, कॅम्पात फक्त कडक २ मिली. तिथे शिरेतलं इंजेक्शन द्यायची बहुतेक वेळा गरजच नसते. खरेदीची यादी करणाऱ्यांपुढे असाच विभागून मुद्दा ठेवला तर पैशाचाही प्रश्न हलका होतो.

महालकर

दोन वेगळ्या रंगाचे दट्ट्ये द्या. गिऱ्हाइकाला आणि मला पाहताच कळलं पाहिजे कोणती कोणती. रंग बदलाले खर्च नाही लागत ना भाऊ?

साचेवाला

जवळपास नाहीच. मटेरियलमध्ये रंगाचं दाणेदार मास्टरबॅच मिसळतात, बस. करतो. हाताने चालवायच्या लहान साच्यावर पहिले नमुने निघतील. ताई, ते निर्जंतुक नसतील, त्यामुळे माणसावर नाहीच, फक्त पाणी आणि रिकाम्या व्हायलवर. तुमच्या ओळखीच्या सिस्टर हाताळून बघतील का?

वैनगंगा

हो, आणू की. पण तीन अटी. एक, आम्ही हातमोजे घालून आणि मोजे ओले करून बघणार, कारण वॉर्डात तसंच असतं. दुसरी, रात्रपाळी संपवून आलेल्या दोघी तरी त्यात असतील. थकलेल्या अंगठ्याला ते जड लागणं कळतं का हे त्यांच्याकडूनच समजेल. तिसरी, आमच्यातल्या एकीला सांगणार की ही सिरिंज कशीही करून पुन्हा भरून दाखव, हवं ते वापर, पक्कड वापर. तिला जमलं तर साचा परत टूलरूममध्ये.

साचेवाला

तिन्ही कबूल. पक्कड माझ्याकडूनच.